फिशर्स, इंडियाना: एडिसन सोडून जावं का?

रारीटनकाठची
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. नवऱ्याला इंडियानापोलिसला एका फार्मा कंपनीत ऑफर आलीये, क्वालिटी-व्हॅलिडेशनमध्ये, आणि महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचंय. आम्ही सध्या न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये, लेक दुसरीत, माझं काम रिमोट (आत्तापर्यंत तरी), दोघंही एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), त्याचं आय-१४० (ग्रीनकार्डाची एक पायरी) झालंय. जो तो म्हणतोय जवळचं फिशर्स बघा फिशर्स बघा. गूगल केलं तर २०१७ साली मनी मासिकाने अमेरिकेत राहायला एक नंबरचं गाव म्हणून निवडलं होतं म्हणे. घरांचे फोटो बघून तर नवरा वेडाच झालाय, चार बेडरूम, बेसमेंट, मागे अंगण आणि पाच लाख डॉलरच्या आत, इथे तेवढ्यात काय मिळतं ते एडिसनवाल्यांना वेगळं सांगायला नको.

माझे प्रश्न साधे आहेत. शाळा खरंच चांगल्या आहेत का, आपले लोक आहेत का, थंडी किती, आणि सासूबाई दरवर्षी सहा महिने येतात त्यांचं तिथे काय होईल. इथे त्या ओक ट्री रोडवर एकट्या जाऊन भाजी आणतात, तिकडे? आणि एक मनात येतं ते असं, की एवढ्या झपाट्याने वाढलेलं गाव म्हणजे सगळं एकदम नवं, एकसारखं, मग दहा-पंधरा वर्षांनी ते सगळं एकदमच जुनं होणार ना? खरं काय ते सांगा, रिअल्टरसारखं नको.

हूशियर_काका
स्वागत. मी २००२ पासून इथे, त्यामुळे मला विचारलंस तर चांगलंच सांगणार, ते धरून वाच.

आधी तुझी एक समजूत दुरुस्त करतो, फिशर्स आता झपाट्याने वाढणारं गाव राहिलेलं नाही. वाढून झालंय. १९९० ला साडेसात हजार वस्ती होती, २००० च्या जनगणनेत ३७,८३५, २०१० ला ७६,७९४, २०२० ला ९८,९७७. एवढी वस्ती होऊनसुद्धा कागदोपत्री हे टाउनच होतं, १ जानेवारी २०१५ ला सिटी झालं आणि तेव्हा पहिल्यांदा मेयर आला. आता मोकळी जमीन फारशी उरलीच नाही. मक्याची शेतं विकून प्लॉट पाडायचं काम सरकलं वेस्टफिल्डला, व्हाइट्सटाउनला, पूर्वेकडे मॅकॉर्ड्सव्हिल-फोर्टव्हिलला. फिशर्समध्ये अजूनही बांधतात पण ते वर, म्हणजे अपार्टमेंट, पार्किंगच्या इमारती, डाउनटाउनमध्ये चार-पाच मजली.

आणि हे तुझ्या फायद्याचंच आहे बघ. पंधरा वर्षांनी कसं दिसेल म्हणतेस ना, मग नव्वदीतल्या सबडिव्हिजनमधून एक चक्कर मार, डोळ्यांनीच दिसेल. माझंच घर त्यातलं. झाडं मोठी झालीत, सावली आहे, फुटपाथ थोडे उखडलेत, बऱ्याच घरांचं छप्पर एकदा बदलून झालंय, मूळ मालकांची मुलं कॉलेजला जाऊन परतही आली. वाईट काही नाही. नवीन वसाहतीत मात्र काठीएवढं एक झाड आणि समोर शेजाऱ्याची भिंत.

डाउनटाउन म्हणतात ते मी आलो तेव्हा नव्हतंच, ११६वी स्ट्रीट होती आणि रेल्वेचं फाटक. त्या रुळांवरून ऑगस्टात स्टेट फेअरला जायला गाडी सुटायची, मुलांना फार आवडायची, २०१५ ची शेवटची. मग रूळ काढून ट्रेल (चालायची-सायकलची वाट) केला, निकल प्लेट ट्रेल, ११६व्या स्ट्रीटखालून बोगदा काढलाय. तेव्हा त्यावरून गावात केवढी भांडणं झाली होती, गाडी ठेवा म्हणणारे आणि ट्रेल करा म्हणणारे. मी गाडीवाल्यांत होतो. आता रोज ट्रेलवर चालतो.

नेपरव्हिलकर
काका, भांडणाचा मुद्दा तुम्हीच काढलात म्हणून. रूळ होते ते उखडले, यातच सगळं आलं. लाखभर वस्तीच्या गावातून शहरात जायला ना ट्रेन ना धड बस, I-६९ हायवे तुंबला की घरी बसा. आमच्याकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून, मेट्रा लोकलने थेट शिकागो युनियन स्टेशन. एडिसनहून येणाऱ्या माणसाला, जो एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशनला जात असेल, त्याला हे पहिल्याच महिन्यात खुपणार. शिवाय भारतात जायचं तर इंडीहून (इंडियानापोलिसहून) सरळ फ्लाईट नाही, आमच्याकडे ओहेअर. मिडवेस्टातच यायचंय तर शिकागोजवळ या की.

हूशियर_काका
आणि नेपरव्हिलचा प्रॉपर्टी टॅक्स किती भरता ते पण सांगा की राव धाग्यावर 😄

नेपरव्हिलकर
नको. जेवण जायचं नाही.

तिखट_मिरची
रारीटनकाठची, मी फिशर्समध्येच आहे, गाइस्ट तलावाच्या बाजूला, मूळची कोल्हापूरची. सासूबाईंचं विचारलंस म्हणून लिहायला बसले, कारण ते कोणी सांगत नाही.

अगं खरं सांगू का, जून ते सप्टेंबर त्या मजेत असतील. रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो (आपण इस्टर्न टाइमच्या पार पश्चिम टोकाला आहोत ना), ट्रेल आहेत, बहुतेक सबडिव्हिजनमध्ये फुटपाथ आणि तळं असतंच, संध्याकाळी सगळे आई-बाबा तळ्याभोवती फिरताना दिसतात, तेलुगू आजी, पंजाबी आजोबा, आमच्या सासूबाई, भाषा काही का असेना गप्पा रंगतात. निकल प्लेट डिस्ट्रिक्टच्या अँफिथिएटरला उन्हाळ्यात फुकट कार्यक्रम असतात, खुर्ची घेऊन जायचं. पण भाजी आणायला एकटं जाणं विसर. इथे कुठलंही दुकान चालत जाण्यासारखं नाही, आणि असलंच तर मध्ये सहा लेनचा रस्ता. ओक ट्री रोडसारखं काहीसुद्धा नाही, अगदी काही नाही. देशी ग्रोसरी मिळते, गाडीने दहा-पंधरा मिनिटांत, पण सगळं मिळून एक रस्ता, पानवाला, साडीवाला, तसलं नाही. जानेवारीत तर सकाळी आठपर्यंत अंधार. मुलं बसस्टॉपवर अंधारात उभी असतात, पहिल्या वर्षी मला बघवायचं नाही.

म्हणून माझ्या सासूबाईंचं आम्ही ठरवूनच टाकलंय, अक्षय तृतीया झाली की यायचं आणि दिवाळीला परत. हिवाळ्यात बोलावलं की त्या टीव्ही आणि खिडकी, खिडकी आणि टीव्ही.

देऊळ मोठं आहे, हिंदू टेंपल ऑफ सेंट्रल इंडियाना, पण ते इंडीच्या पूर्वेला जर्मन चर्च रोडवर, आपल्याकडून पंचवीसेक मिनिटं. मराठी मंडळी बऱ्यापैकी आहेत, गणपती जोरात होतो, पण एडिसनसारखे रोज उठून चार कार्यक्रम नाहीत. इथे नाटक येत नाही, आलं तर शिकागोला, तीन तास. त्यामुळे काय होतं, लोक एकमेकांना धरून असतात. पोळ्या लाटणाऱ्या काकूंचा नंबर मिळवायला मात्र ओळख लागते 😂

वेस्टफिल्डवाला
मला एक कळत नाही, फिशर्सचाच हट्ट का? आम्ही वेस्टफिल्डला नवीन घर बांधून घेतलं, सगळं हवं तसं. यूएस-३१ आता फ्रीवे आहे, शाळा चांगल्या, गर्दी कमी. २०१० ला ३० हजार, २०२० ला ४६ हजार, आणि अजून वाढतंय. आत्ता घेतलेल्याचा फायदा होणार.

तिखट_मिरची
गर्दी कमी?? शनिवारी ग्रँड पार्कला टूर्नामेंट असते तेव्हा येऊन बघ म्हणावं हिला. तीस-चाळीस मैदानं, चार राज्यांतल्या सॉकर आया आणि त्यांच्या मिनीव्हॅन.

वेस्टफिल्डवाला
वीकेंडची गोष्ट आहे ती. वीकडेला शांत असतं.

गणिती
टॅक्सबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. जर्सीहून येणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सुखद वाटतं आणि पुढे यातच एक खड्डा आहे.

इंडियानाच्या घटनेतच मर्यादा आहे (२०१० मध्ये लोकांनी मतदान करून घातली). स्वतः राहता ते घर असेल तर प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या १ टक्क्याच्या वर नाही, भाड्याने दिलेल्या घराला २ टक्के, दुकान-कारखान्याला ३. शाळांसाठी लोकांनी जादा टॅक्सचा रेफरेंडम मंजूर केला असेल तर तो या मर्यादेच्या बाहेर, वरून लागतो, आणि हॅमिल्टन साउथईस्टर्न शाळांचा (एचएसई म्हणतात, फिशर्स बहुतेक त्यात येतं) २०२३ मध्ये पुन्हा मंजूर झाला. तेव्हा एक टक्क्याच्या थोडं वर धरा. जर्सीत काय भरतात ते ज्याचं त्याला माहीत. राज्याचा इन्कम टॅक्स सगळ्यांना सरसकट एकच दर, २०२६ ला २.९५ टक्के, त्यावर हॅमिल्टन काउंटीचा (फिशर्सचा जिल्हा) १.१. बाहेरून येणाऱ्याला काउंटीचा टॅक्स ही गोष्टच माहीत नसते, पगाराची स्लिप बघून मग एचआरला फोन.

आता खड्डा. इथे प्रॉपर्टी टॅक्स एक वर्ष मागे चालतो, म्हणजे यंदाच्या मे आणि नोव्हेंबरच्या दहा तारखेला जे भरता ते गेल्या वर्षाचं. नवीन बांधलेलं घर घेतलं की पहिलं बिल नुसत्या मोकळ्या प्लॉटचं येतं, अगदीच किरकोळ. बँक त्यावर एस्क्रो (हप्त्यासोबत टॅक्ससाठी बाजूला ठेवायची रक्कम) बसवते. मग पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं आणि त्यात होमस्टेडचा (घरात स्वतः राहतो याचा) अर्ज करायचा राहून गेला असेल तर १ च्या जागी २ टक्के. एस्क्रोत तूट, आणि महिन्याचा हप्ता एकदम चढतो. बिल्डरचा सेल्समन पहिल्या वर्षाचाच आकडा दाखवतो, खोटं बोलत नाही तो, पुढचं सांगत नाही एवढंच. वेस्टफिल्डवाले, तुम्हाला हे माहीत असेलच.

वेस्टफिल्डवाला
माहीत आहे. न बोललेलं बरं.

हिंजवडी_रिटर्न
मी पुण्यातून वाचतोय, जरा अवांतर. घराला बेसमेंट, अंगण, तळं, टॅक्स १ टक्का आणि तरी तुम्ही लोक भांडताय? आमच्याकडे पाणी टँकरने येतं.

हूशियर_काका
@हिंजवडी_रिटर्न, आमच्याकडेही येतं रे, बेसमेंटमध्ये, टँकरशिवाय.

विनोद बाजूला. रारीटनकाठची, इथली जमीन चिकणमातीची, सपाट, पाणी मुरत नाही. बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी बाहेर टाकणारा संप पंप असतो तो काम करतोय का, त्याला बॅटरी बॅकअप आहे का, हे घर बघतानाच विचार. वसंतात वादळ येतं, वीज जाते, आणि नेमकी त्याच वेळी पंपाची गरज असते. रेडॉनची (जमिनीतून येणारा घातक वायू) टेस्टही करून घ्यायची, हा पट्टा त्याबाबतीत वाईट आहे. टोर्नेडोचे भोंगे वाजले की बेसमेंटमध्ये जाऊन बसायचं, म्हणून तो कोरडा हवा. बर्फाची भीती बाळगू नकोस, बफेलोसारखं नसतं काही, जर्सीत राहिलीस तर जमेल. बर्फापेक्षा डिसेंबर ते मार्च ते राखाडी आभाळ जास्त खातं माणसाला.

तिखट_मिरची
+१ राखाडीला. आणि घर बघताना किचनचा एक्झॉस्ट बाहेर काढलाय का ते बघ गं! नव्या घरांत मायक्रोवेव्हच्या खालीच पंखा असतो आणि तो हवा फिरवून परत किचनमध्येच सोडतो. वर ओपन फ्लोअर प्लॅन. सुक्या बोंबलाचं कालवण एकदा केलं की वरच्या बेडरूममधल्या कोटांना आठवडाभर वास. बाहेर डक्ट काढून देतो का हे बिल्डरला आधी विचारायचं, नंतर साइडिंग फोडून करावं लागतं आणि एचओएची (सोसायटीची) परवानगी, ते वेगळंच महाभारत.

पिठलंभाकरी
सगळं वाचलं. घर, टॅक्स, बोंबील, ठीक. पण कोणी मूळ प्रश्नाला हात घातला नाही असं मला वाटतं. मी फिशर्समध्ये राहून आता डॅलसला आलोय, मनाने नाही, नोकरी गेली म्हणून.

ताई, दोघंही एच-वनवर आहात म्हणालात. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस. त्या ६० दिवसांत घरापासून तासाभराच्या आत त्याच कामाची दुसरी नोकरी मिळेल का, गाव निवडताना माझ्या मते हा पहिला प्रश्न, शाळेचं रेटिंग त्याच्यानंतर. मध्य जर्सीत फार्मावाल्याला दहा दारं ठोठावता येतात. इंडीत किती? एलाय लिली, ती तर हत्ती आहे, डाउनटाउनला आहे आणि लेबननला नवे कारखाने उभे करतेय. रोश डायग्नॉस्टिक्सचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय हेग रोडला, फिशर्सच्या अगदी वेशीवर. फिशर्समध्येच इनकॉग बायोफार्मा, इटलीची स्टेव्हानाटो, अशा नव्या कंपन्या आल्यात. म्हणजे फार्मा क्वालिटीत असाल तर तुमचं बरं आहे, इतर बऱ्याच जणांपेक्षा बरं. पण मी आयटीत, एका विशिष्ट प्रॉडक्टवर, आणि त्याचं काम इंडीत एकाच कंपनीत होतं. ती सुटल्यावर माझ्यासाठी इंडी संपलं. माझा मुलगा अजून फिशर्सच्या मित्रांशी रोज खेळतो ऑनलाइन.

दुसरं म्हणजे ताईंची नोकरी. रिमोट "आत्तापर्यंत तरी" असं तुम्हीच लिहिलंय. ती गेली तर तुमच्या क्षेत्रात तिथे काय आहे ते बघून ठेवा. एलेव्हन्स हेल्थ इंडीत आहे, सेल्सफोर्स आहे, इन्फोसिसचं सेंटर एअरपोर्टजवळ, कमिन्स कोलंबसला म्हणजे गाडीने तासाभराहून जास्त. यादी इथे लवकर संपते.

आणि तिसरं, जे आपल्या लोकांना अजून नीट कळलेलं नाही. आपलं सगळ्यांचं गणित काय असतं, घर घेऊ, बदली झालीच तर भाड्याने देऊन जाऊ, हप्ता निघत राहील. फिशर्समध्ये ते आता धरून चालता येत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सिटी कौन्सिलने ठराव केला, एका सबडिव्हिजनमधली जास्तीत जास्त १० टक्के घरं भाड्याने देता येतील, १ जानेवारी २०२६ पासून लागू. भाड्याने द्यायचं तर नोंदणी. आधीपासून भाड्याने आहेत त्यांना सवलत आहे, काही अपवाद आहेत, ते शहराच्या साइटवर वाचा. पण तुमच्या सबडिव्हिजनमध्ये १० टक्के आधीच भरले असतील तर तुम्ही रांगेत. मोठमोठ्या कंपन्या घरं घाऊक विकत घेत होत्या त्यांना आळा घालायला केलंय म्हणतात, हेतू चांगला आहे, पण सापडतो व्हिसावरचा माणूस.

हूशियर_काका
हे बरोबर लिहिलंस. मी त्या नियमाच्या बाजूचा आहे, आमच्या गल्लीतली तीन घरं कुठल्याशा कंपनीच्या नावावर गेली, गवत वाढलंय, फोन उचलत नाहीत कोणी. पण ज्याला दोन वर्षांत हलावं लागू शकतं त्याला तो नियम वेगळा दिसणार, कबूल.

गणिती
भाड्याने दिलंत तर टॅक्सची मर्यादाही १ वरून २ टक्क्यांवर जाते, हे विसरू नका. म्हणजे परवानगी मिळाली तरी हप्ता निघेलच असं नाही.

नेपरव्हिलकर
मी तरी काय वेगळं म्हणत होतो? मोठं शहर, जास्त नोकऱ्या.

पिठलंभाकरी
तुम्ही ट्रेनबद्दल म्हणत होतात. आणि शिकागोला फार्मा म्हणजे अ‍ॅबव्ही, अ‍ॅबट, त्या नॉर्थ शिकागोच्या बाजूला. नेपरव्हिलहून रोज जाऊन दाखवा.

रारीटनकाठची
बापरे. खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. नवऱ्याला रात्री मोठ्याने वाचून दाखवलं. भाड्याच्या नियमाबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं, आणि आमचं गणित अगदी पिठलंभाकरींनी लिहिलंय तेच होतं, घर घ्यायचं आणि वेळ पडली तर भाड्याने देऊन निघायचं.

दोन शंका. एक म्हणजे झिलो या घरांच्या साइटवर काही घरांचा पत्ता फोर्टव्हिल येतो, काहींचा इंडियानापोलिस, आणि लिस्टिंगमध्ये फिशर्स लिहिलेलं असतं. आणि गाइस्टच्या आसपास तर एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या शाळा दाखवतंय. दुसरं, शाळांबद्दल कोणी लिहिलंच नाही की.

तिखट_मिरची
पत्त्यावर अजिबात जाऊ नकोस. पोस्ट ऑफिस काहीही लिहितं. फोर्टव्हिल पत्ता असलेली कितीतरी घरं फिशर्स शहराच्या हद्दीत आहेत. आणि उलट, गाइस्टच्या दक्षिण काठावर गेलीस की ती मॅरियन काउंटी, शाळा लॉरेन्स टाउनशिपच्या. तलाव एकच, काठ दोन. पूर्वेला मॅकॉर्ड्सव्हिलचं घर चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त दिसेल, ते हॅनकॉक काउंटीत, शाळा माउंट व्हर्ननच्या. त्या वाईट नाहीत हं, माझी मैत्रीण आहे तिकडे आणि खूश आहे, पण तू एचएसई धरून पैसे मोजशील आणि निघेल भलतंच. घराचा पत्ता टाकून डिस्ट्रिक्टच्या साइटवर बघायचं, शंका असेल तर फोन करायचा. रिअल्टरच्या शब्दावर नाही.

शाळा म्हणशील तर चांगल्या आहेत, खरंच. दोन मोठी हायस्कूल, हॅमिल्टन साउथईस्टर्न आणि फिशर्स, दुसरं २००६ मध्ये सुरू झालं. एडिसनच्या मानाने अभ्यासाची मारामारी कमी. तिकडे दुसरीतल्या मुलांना गणिताचे दोन-दोन क्लास असतात ऐकलंय, इथे बरेच आईबाप आधी पोहायला घालतात. कोणाला हे आवडतं, कोणाला झोप लागत नाही. काही देशी पालक कार्मेलकडे सरकतात ते याच्यासाठी, तिकडची चुरस वेगळी. आणि कार्मेलची ती गोल चक्करं, दीडशेच्या वर आहेत, सासूबाईंना गाडीत मळमळतं.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, शाळा बोर्डाच्या निवडणुका इथे तापतात. २०२३ मध्ये आमच्या लायब्ररीत टीनएजर मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या विभागात हलवण्यावरून केवढा गदारोळ झाला होता, राष्ट्रीय बातम्यांत आलो. शेवटी ते धोरण मागे घेतलं. रोजच्या जगण्यात कोणी वाईट वागलंय असं माझ्या तरी अनुभवात नाही, शेजारी कुकीज घेऊन येतात, बर्फ काढून देतात. पण राज्य इंडियाना आहे, जर्सी नाही, दारादारांत पाट्या लागतात तेव्हा कळतं.

वेस्टफिल्डवाला
हे सगळीकडेच आहे हो अमेरिकेत.

तिखट_मिरची
सगळीकडे आहे, पण जर्सीहून येणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं.

हूशियर_काका
ऑफिस कुठे आहे ते लिहिलं नाहीस. लेबननला असेल तर फिशर्सहून रोजचं जाणं जड आहे, मधून सरळ रस्ता नाही, ४६५ला (इंडीभोवतीचा रिंग रोड) वळसा नाहीतर सिग्नल-सिग्नल करत. मग वेस्टफिल्ड किंवा झायन्सव्हिल-व्हाइट्सटाउन बरं, आणि मी वेस्टफिल्डवाल्याच्या बाजूने बोलतोय याची नोंद घ्यावी. डाउनटाउनला असेल तर सकाळी साताच्या आत निघालं तर अर्ध्या तासात, आठला निघालं तर देवाच्या मनात असेल तेव्हा. रोशच्या बाजूला असेल तर दहा मिनिटं, मग डोळे मिटून फिशर्स. इथे "इंडीला जॉब आहे" याला काही अर्थ नाही, ४६५ च्या कुठल्या बाजूला ते महत्त्वाचं.

रारीटनकाठची
काका, ईशान्येलाच आहे, कॅसलटनच्या जवळ. म्हणून तर फिशर्स.

हूशियर_काका
मग रस्त्याचा प्रश्न मिटला. ९६वी स्ट्रीट आणि अ‍ॅलिसनव्हिल रोडच्या चौकात डावीकडे वळता येत नाही, सरळ पुढे जाऊन यू-टर्न मारून यायचं, मिशिगन लेफ्ट म्हणतात. पहिला आठवडा शिव्या देशील.

रारीटनकाठची
अपडेट. ऑफर घेतली. पण घर घेणार नाही, निदान लगेच नाही. एचएसईच्या हद्दीत अपार्टमेंट बघतोय, वर्षभर भाड्याने राहू, तोपर्यंत नवऱ्याच्या नवीन कंपनीकडून ग्रीनकार्डाचं पर्म आणि आय-१४० पुन्हा सुरू होतंय का ते कळेल (ग्रीनकार्डाच्या रांगेतली तारीख, प्रायॉरिटी डेट, जुनीच राहते म्हणाले वकील), आणि माझ्या रिमोटचं काय होतंय तेही. गाव आवडलं तर मग नव्वदीतलं झाडंवालं घर, नवीन बांधकाम नको असं दोघांचंही ठरलं. नवरा बेसमेंटसाठी थोडा हिरमुसलाय. त्याने तिकडे होम थिएटरचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न, मेथी मिळते का.

तिखट_मिरची
मिळते. आणि एप्रिलनंतर आलात तर मी माझ्या अंगणातली देईन, उगाच विकत घेऊ नका. अपार्टमेंट निकल प्लेट ट्रेलच्या जवळ बघ, डाउनटाउनच्या बाजूला, मग त्यांना निदान लायब्ररीपर्यंत चालत जाता येईल.

पिठलंभाकरी
भाड्याचा करार एक वर्षाचा करताना मुदतीआधी सोडायचं कलम नीट वाचा. आणि शाळेला पत्त्याचा पुरावा लागतो, लीजवर दोघांचीही नावं घाला.

हिंजवडी_रिटर्न
पोळीवाल्या काकूंचा नंबर कोण देतंय त्यांना?

तिखट_मिरची
व्यनि केलाय.